अनंताच्या कुंडीतली वाळू

एका सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, एक गाव होतं. त्या गावात देऊळ होतं, पाण्याचं टाकं होतं, लाल चिऱ्यांची नीटनेटकी घरं होती, भांडणंही होती. नव्हती ती फक्त माती. कुदळ मारावी तिथे कातळ. म्हणून गावातली सगळी हिरवाई कुंड्यांत राहायची. मिरची कुंडीत, अळू कुंडीत, देवाची फुलंही कुंडीत. परगावचा पाहुणा हे बघून हसला की गावकरी म्हणत, "हसा खुशाल. तुम्ही तुमची जमीन तुडवता, आम्ही आमची उचलून ओसरीवर ठेवतो."

सड्याच्या टोकाला वटवाघळांची एक जुनी गुहा होती. तिच्या तळाशी वटवाघळांच्या लेंड्यांची काळीभोर माती साचायची. तिच्यात इतका कस होता की चिमूटभर घातली तरी मरगळलेलं रोप मान वर करायचं. दिवाळी झाली की गुहा उघडायची आणि घरटी ओंजळभर वाटा मिळायचा. बाकीचं काम ओढ्याची वाळू आणि कुजलेला पालापाचोळा यांच्यावरच भागायचं. पण हे कुणी बोलून दाखवत नसे. खाली वाळू भरायची, वर बोटभर काळी माती पसरायची, आणि कुंडी अशी मिरवायची की जणू तळापर्यंत काळीच आहे. ज्याच्या कुंडीत वाळू दिसे त्याच्याकडे बघून लोक नाक मुरडत. देताना हात आखडणारा माणूस, असा त्याचा अर्थ होत असे.

या गावात मुलगी जन्मली की आई तिच्या नावानं एक रोप लावायची. मुलगी सासरी निघाली की ते झाड कुंडीसकट तिच्याबरोबर जायचं. वेशीपाशी गावच्या बायका तिला अडवून विचारायच्या, "आईनं कुंडीत काय घातलं गं?" आणि मुलगी म्हणायची, "काळी माती, काठोकाठ." खोटं असे ते, आणि विचारणाऱ्यांना माहीत असे. त्यांनी आपापल्या वेळी तेच उत्तर दिलेलं असायचं.

त्या गावात चिरे काढणारा एक पाथरवट राहत होता. त्याची पहिली बायको मुलगी लहान असतानाच वारली. मुलीचं नाव आवडी. आईनं तिच्या नावानं अनंताचं रोप लावलं होतं. आई गेली, तिची लुगडी विरून गेली, तिचा आवाजही आवडीच्या आठवणीतून पुसट झाला. पण दर वर्षी त्या झाडाला पांढरी फुलं यायची, आणि घरभर वास सुटला की आवडीला वाटायचं, आई माजघरातच कुठेतरी आहे.

पाथरवटानं दुसरं लग्न केलं. नवी बायको खालच्या खोऱ्यातली होती, जिथे माती पायाला चिकटते आणि कुंडीत झाड लावायची कुणाला गरज पडत नाही. आवडी तिला मावशी म्हणू लागली.

मावशी घरात आली आणि थोड्याच दिवसांत आवडी मुदतीच्या तापानं आजारी पडली. ताप उतरला तेव्हा पोर काडीसारखी झाली होती. शेजारची काकू डिंकाचे लाडू घेऊन आली. मावशीनं ते हात जोडून परत केले. "काकू, इतकं जड आता तिच्या पोटाला सोसायचं नाही. काही दिवस नुसती पेज देते," ती म्हणाली. मावशीनं ती पेज गाळून, फुंकर घालून, आवडीचं डोकं मांडीवर घेऊन पाजली. आवडी बरी झाली.

पण गावात वेगळंच पसरलं. "आईवेगळ्या पोरीला नुसत्या पेजेवर ठेवलीय. घरात आलेला लाडूसुद्धा पोचू दिला नाही." टाक्यावर मावशी आली की बायका गप्प होत. त्या गप्प होण्याचं तिच्या मनाला फार लागलं. पुढे तिला स्वतःची मुलगी झाली, चिमा, तेव्हापासून मावशीनं एक नेम धरला. कुणी बोट ठेवावं असं काही करायचं नाही. ताटात तूप वाढताना आवडीला आधी, सणाला कापड घेताना आवडीला उंची, आणि तेही चार माणसांना दिसेल असं. अनंताच्या झाडाला ती रोज पाणी घालायची, पण त्याचं एक फूल तिनं कधी केसात माळलं नाही. ते आपलं नाही, असं ती मानायची.

आवडी लग्नाची झाली. पलीकडच्या वाडीतलं स्थळ आलं, पसंती झाली, उन्हाळ्यातला मुहूर्त ठरला. योगायोग असा की त्या वर्षी गुहेत आतली एक कपार मोकळी झाली आणि प्रत्येक घराला काळ्या मातीची टोपलीच्या टोपली मिळाली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पुढच्या वर्षी किती मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून शहाण्या घरांनी ती माती माठात भरून ठेवली.

मावशीनं ठेवली नाही. तिनं अंगणात नवी कुंडी मांडली. अनंताचं रोप जुन्या कुंडीतून काढलं, मुळांभोवतीची आईच्या वेळची वाळू नि पाला कस संपलेली जुनी माती समजून झटकून टाकला, आणि सगळ्यांच्या देखत तळापासून काठापर्यंत काळी माती भरली. वाळूचा एक कण नाही. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. मावशीला पुष्कळ वर्षांनी मोकळं वाटलं.

काकू कुंपणापाशी उभी होती. तिनं तळाशी पडलेली काळी माती बघितली, तिच्या भुवया वर गेल्या, ओठ हलल्यासारखे झाले. पण ती काही बोलली नाही. बोलायचं तर आपल्या कुंडीत खाली काय आहे तेही सांगावं लागलं असतं. घरात सासू असती तर तिनं मावशीला बाजूला घेऊन सांगितलं असतं. सासू नव्हती, आणि बाहेरून आलेल्या बाईला गावाचं गुपित सांगायची कुणाला घाई नव्हती.

टोपलीच्या तळाला जो भुगा चिकटला होता तो मावशीनं खरवडला, ओढ्याच्या वाळूत आणि कौलांच्या खापऱ्यांत मिसळला, आणि चिमाच्या मोगऱ्याला घातला. स्वतःच्या लेकीला उरलंसुरलं; हेही लोकांनी बघितलं तर बरंच, असं तिच्या मनात आलं.

थोडे दिवस अनंत चांगला दिसला. मग पानांच्या कडा तपकिरी झाल्या, निखाऱ्याजवळ धरल्यासारख्या. शेंडे आत वळले. माती ओली असूनही पानं मलूल होऊन लोंबू लागली. कुंडीच्या काठावर मिठासारखी पांढरी खपली धरली. मावशी घाबरली. झाडाला अजून कस हवा असेल म्हणून तिनं काकूकडून उसनी काळी माती मागून आणली आणि तीही वर घातली. त्यानंतर पानं गळायलाच लागली. आणि त्याच अंगणात, उरल्यासुरल्या भुग्यावर, चिमाचा मोगरा कळ्यांनी डवरला.

मग गावानं तोंड उघडलं. "बघा, स्वतःच्या लेकीचं झाड कसं फुललंय! आणि थोरलीच्या आईची आठवण वाळत चाललीय. काय ओतलं असेल मुळाशी, देव जाणे." हे टाक्यावर बोललं गेलं, आणि आवडी तिथेच घागर भरत होती.

आवडी घरी आली. घागर खाली ठेवली. आजवर ती मावशीला 'तू' म्हणत आली होती. त्या दिवशी तिचा आवाज परका झाला.

"मावशी, खरं सांगा. तुम्ही माझ्या झाडाला काय घातलंत?"

"काळी माती घातली गं पोरी. सगळीच्या सगळी."

"मग ते मरतंय का?"

आवडी ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि झाडाकडे बघत रडली. ते झाड गेलं असतं तर आईच्या हातचं या जगात काही उरलं नसतं. लग्न तोंडावर आलं होतं. फांदी तोडून दुसरं रोप करावं तर एकही फांदी धड नव्हती.

मावशीला त्या दिवशी अन्न गेलं नाही. ती दोन्ही कुंड्यांच्या मध्ये बसून राहिली. एकीकडे भरभरून दिलेलं झाड करपत होतं, एकीकडे हात राखून दिलेलं फुललं होतं. तिनं अनंताच्या मातीत हात खुपसला. माती कोमट लागली, आणि बोटांना असा उग्र वास आला की नाकाला झोंबला. तिनं कुंडी आडवी केली, झाड अलगद बाहेर काढलं. शेवयांसारखी पांढरी असायला हवीत ती मुळं तपकिरी झाली होती. बोटानं धरलं की त्यांची साल सुटून येत होती. बुंध्याजवळची थोडी मुळं तेवढी अजून पांढरी होती.

आणि तिला एकदम मांडीवरचं ते लहान डोकं आठवलं. तापातून उठलेलं पोर. गाळलेली पेज. तेव्हा तिला बरोबर कळलं होतं की या पोटाला लाडू सोसणार नाही. मग आता का कळलं नाही? कारण तेव्हा तिनं पोरीकडे बघितलं होतं, आणि कुंडी भरताना तिचं सगळं लक्ष रस्त्यावर उभ्या असलेल्या बायकांकडे होतं. हे तिचं तिलाच उमगलं, आणि ती मनातून खचली.

पाथरवट खाणीवरून आला. बायकोच्या मांडीवर उघडं झाड बघून दचकला.

"हे काय चाललंय?"

"हे उपाशी नाही हो. भाजलंय. याला आता वाळू हवी, थोडा जुना पाला हवा, आणि सावली. काळी माती नको, कणभरही नको."

नवऱ्यानं रस्त्याकडे नजर टाकली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मग मागच्या परसात जाऊन कर. वाळू भर आणि वर बोटभर काळी पसर. कुणाला कळत नाही. सगळे तेच करतात."

मावशीनं मान वर केली. "सगळे तेच करतात?"

"हो. आवडीच्या आईनंही तेच केलं होतं. सगळ्या गावाच्या कुंड्यांत खाली वाळूच आहे."

"आणि मला कुणी सांगितलं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"त्यात सांगायचं काय? मला वाटलं तुला माहीत असेल."

मावशी रागावली, पण राग दाखवायला वेळ नव्हता. मुळं उघडी होती. परसात दिवसभर कातळ तापायचा. तिथे ठेवलं असतं तर झाडानं संध्याकाळ बघितली नसती. सावली होती ती फक्त समोरच्या ओसरीवर, जिथून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून ओसरी. वर बोटभर काळी माती पसरली असती तर गावाचं तोंड बंद झालं असतं. पण पाणी घातलं की तिचा कस खाली उतरणार आणि उरलेल्या मुळांना पुन्हा भाजणार. म्हणजे कुंडीत उघडी वाळू दिसणार होती, लग्नघराच्या ओसरीवर, सावत्र मुलीच्या झाडाला. वर्षानुवर्षं जे बोलणं टाळायला तिनं जिवाचं रान केलं, ते आता दारात येऊन उभं राहणार होतं.

ती आवडीजवळ गेली.

"आवडी, चूक माझी आहे. तुझ्या झाडाला काय हवं ते मी बघितलं नाही. लोकांना काय दिसेल ते बघितलं. आता मी याला वाळूत लावणार आहे, नुसत्या वाळूत. जगेल असं वचन देत नाही. लोक बोलतील, मला बोलतील आणि तुझी कीव करतील. झाड तुझ्या आईचं आहे. तू हो म्हणालीस तरच हात लावते."

आवडीनं मावशीच्या हातातली ती भाजलेली मुळं बघितली. मग उठली, कोपऱ्यातली टोपली उचलली आणि बाहेर पडली. मावशीला वाटलं, पोर रागावून गेली.

आवडी ओढ्यावर गेली. वाळू भरली. टोपलीवर फडकंही न टाकता ती डोक्यावर घेतली आणि गावाच्या मधल्या वाटेनं, टाक्यावरून, भर बायकांमधून घरी आली. काकूनं विचारलं, "अगं, वाळू कशाला?" आवडी म्हणाली, "माझ्या कुंडीत घालायला."

मग दोघींनी मिळून झाड लावलं. मुळं पाण्यात बुडवून, पाणी बदलून बदलून, काळ्या मातीचा एकही कण उरेनासा होईपर्यंत धुतली. भाजलेली मुळं मावशीनं विळीवर कापून टाकली. करपलेल्या फांद्याही छाटल्या, कारण इतक्या थोड्या मुळांना तेवढा भार पेलवला नसता. तळाशी खापऱ्या, त्यावर वाळू, वाळूत मूठभर जुना पाला. वर काही नाही. शेवटी कुंडीत जे उभं राहिलं ते झाड म्हणावं असं नव्हतंच, एक उघडी काठी होती.

लोक यायचे, बघायचे. पत्रिका द्यायला आलेले, मांडव घालायला आलेले, कुणी नुसतेच. "काठी रोवलीय वाळूत," असं म्हणून निघून जायचे. मावशी रोज बोटानं वाळू चाचपायची, सुकली असेल तरच पाणी घालायची. चार लोकांसमोर भरपूर देणं तिला सोपं गेलं होतं. चार लोकांसमोर थोडं देणं फार जड गेलं. काही वेळा आत जाऊन मूठभर काळी माती आणावी आणि वर पसरून मोकळं व्हावं असं तिला वाटे. एकदा तर मूठ भरून ती दारापर्यंत आलीही. आवडीनं तिच्या मुठीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मावशी, पेज." मावशीनं मूठ आत नेऊन सोडली. पोरीला ती पेज इतकी वर्षं आठवत होती, हे मावशीला त्या क्षणी कळलं, आणि चुलीपाशी जाऊन तिनं डोळे पुसले.

लग्नाच्या आदल्या सकाळी काठीच्या पेरापाशी हिरवा टिपका दिसला. मुंगीच्या डोक्याएवढा असेल. दोघींनी बघितला. कुणाला सांगितला नाही.

लग्न लागलं. आवडी सासरी निघाली. कडेवर कुंडी, कुंडीत वाळू, वाळूत काठी, काठीवर तो हिरवा टिपका. मावशीनं तिच्या पदराला काळ्या मातीची छोटीशी पुरचुंडी बांधली आणि कानात सांगितलं, "आत्ता नाही. चांगली पानं फुटली की चिमूटभर, पाण्यात कालवून, आणि बुंध्यापासून लांब. पुन्हा लागली तर पुन्हा चिमूटभर. झाडाकडे बघून दे. माणसांकडे बघून नको."

वेशीपाशी बायका उभ्या होत्या. काकू पुढे होती. रिवाज होता म्हणून तिनं विचारलं, पण विचारताना तिची नजर त्या काठीवर होती.

"आईनं कुंडीत काय घातलं गं?"

आवडी थांबली. म्हणाली, "वाळू."

तिनं कुंडी सगळ्यांना दिसेल अशी पुढे धरली.

"माझ्या आईनंही वाळूच घातली होती, वर काळी पसरून. मावशीला ते कुणी सांगितलं नाही, म्हणून तिनं तुमचं बोलणं खरं धरलं आणि झाड भाजलं. मग तिनंच ते धुतलं आणि सगळ्यांच्या देखत वाळूत लावलं. तुमच्यापैकी कुणी लावलं असतं?"

पाथरवट खाली बघत होता. काकूनं कुंकवाचा करंडा उघडला. तिनं आवडीच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि वाकून कुंडीतली चिमूटभर वाळू उचलून आपल्या कपाळाला लावली. "मी कुंपणाशी उभी होते," ती म्हणाली. "बोलायला हवं होतं मी." एवढं बोलून ती बाजूला झाली आणि वाट मोकळी झाली.

आवडीनं वळून मावशीकडे बघितलं. "येते गं. तू जेवून घे," ती म्हणाली. पुष्कळ दिवसांनी ती मावशीला 'तू' म्हणाली होती.

त्या गावात आता कुंडीवर काळी माती पसरत नाहीत. जे आहे ते मिसळतात, वाळू पुष्कळ आणि काळी थोडी, आणि तसंच दिसू देतात. वेशीवरचा प्रश्न अजून विचारतात. मुली खरं सांगतात.

दोन पावसाळे गेले. एक दिवस पलीकडच्या वाडीतून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती केळीच्या पानात गुंडाळलेलं एक फूल आलं. अनंताचं. वाटेत उन्हानं पिवळं पडलं होतं, पण पान उघडल्याबरोबर घरभर तोच वास सुटला. निरोप एवढाच होता: "पहिलं फूल मावशीला."

मावशी कितीतरी वेळ ते हातात घेऊन बसली. मग आरशासमोर गेली आणि त्या झाडाचं फूल तिनं पहिल्यांदा केसात माळलं.

तात्पर्य: माया किती आहे ते जगाला दाखवायला दिलेलं, कितीही कसदार असलं तरी, घेणाऱ्याची मुळं भाजतं. ज्याला द्यायचं त्याच्याकडे बघावं, आणि त्याला पेलेल तेवढंच द्यावं. मग लोकांना ती वाळू का दिसेना.